न पोहोचलेला निरोप

कर्करोग दुसऱ्यांदा उलटल्यापासून इंदुमती खरातांनी आरशात बघणं सोडलं होतं. जन्मात साधा ताप न आलेल्या शरीराने ऐनवेळी दगा दिला, हा राग मनातून जात नव्हता.

संशोधनासाठी दिलेल्या आपल्या गाठीचं काय झालं, ते विचारायला त्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या संशोधक रेणू तांबोळीने त्यांना बसवून घेतलं.

"काकू, पेशी आरएनए नावाच्या धाग्यावर निरोप लिहितात. तुमच्या पेशींनीही धोक्याचा निरोप लिहिला होता. पण गाठीतलं एक प्रथिन त्या धाग्याला चिकटून तो नष्ट करत होतं. त्यामुळे रोगाशी लढणाऱ्या पेशींना काही कळलंच नाही."

"म्हणजे माझ्या अंगाने हाक मारली होती?"

"हो. पुन्हा पुन्हा." रेणू घुटमळली. "पण त्या प्रथिनाला रोखणारं औषध अजून नाही. यायला वर्षं लागतील."

इंदुमतींनी स्वतःच्या दंडावरून हळूच हात फिरवला, उगाच बोलणी खाल्लेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग बाही वर सरकवून तो हात टेबलावर ठेवला.

"तुला त्या औषधाच्या शोधासाठी रक्तही लागेल ना?" त्या म्हणाल्या. "घे."