दोनदा कूऽऽ

शेणाने भरलेले हात तसेच घेऊन मी अंगणाच्या टोकाला धावले. आभाळ काळंकुट्ट, आणि दरीपलीकडच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, बिरूमामा म्हशींसकट एकट्या हिरड्याखाली उभा!

आमच्याकडे गडगडायला लागलं की सगळे गुराखी असेच झाडाखाली शिरतात. गेल्या वर्षी माझी आक्काही शिरली होती, आणि वीज नेमकी त्याच झाडावर पडली.

त्याआधी रोज संध्याकाळी मी इकडून हाळी घालायचे आणि आक्का तिकडून दोनदा "कूऽऽ" करायची. दोनदा म्हणजे, निघाले, चहा ठेव. ती गेल्यापासून आमच्या अंगणातून कुणी हाळी घातलीच नव्हती. आईला सोसत नाही.

"आत हो, पोरी!" आई दारातून ओरडली.

आत? मी? शाळेत बाई म्हणतात, हिला माईक कशाला! मी छाती भरून श्वास घेतला. "मामाऽऽ! झाड सोड! घळीत उतर!"

"अन् म्हशी गंऽऽ?"

"म्हशींना काय माझ्यासारखी भाची आहे? तू निघऽऽ!"

तो निघाला. लख्ख उजेड झाला, डोंगर हादरला, आणि पावसाने समोरचं सगळं पुसून टाकलं. आई धावत आली. तिने माझा शेणाचा हात घट्ट धरला.

मग खालून आवाज आला. "कूऽऽ! कूऽऽ!"

मामाच होता, आम्हा दोघींना माहीत होतं. तरी आई चुलीपाशी गेली आणि तिने चहात गूळ जास्त टाकला, आक्काला लागायचा तितका.