शेवटच्या डब्यातलं पाणी

इंटरसिटीच्या शेवटच्या डब्यात मी नळाखाली हात धरला. पाणी आलं. हात धुऊन झाले तरी मी तिथेच उभी. मागे थांबलेली बाई म्हणाली, "ताई, आंघोळ करताय का?"

या गाडीच्या शेवटच्या डब्यांत कधीच पाणी नसायचं. मधल्या स्टेशनात पाणी भरायचा पाइप तिथवर पोचतच नसे. प्रवासी संघाचे चिटणीस म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, लांब पाइपासाठी रेल्वे मंत्रालयापर्यंत खेटे घातले. मी माहेरी आले की अण्णा दारातच विचारायचे, "गाडीत पाणी होतं का?" आतून आई ओरडायची, "गाडीचं राहू द्या. आधी पोरीला पाणी द्या!"

लांब पाइप आला तेव्हा अण्णा नव्हते. ते गेल्यापासून आईही गप्पच झाली होती. फोनवर नुसतं हो किंवा नाही. त्या मुक्या घरात पाऊल टाकायला नको वाटून मी भर उन्हात फाटकाशीच रेंगाळले.

आईने दार उघडलं. माझ्या हातातली पिशवी घेतली.

"गाडीत पाणी होतं का गं?"

"होतं."

"शेवटच्या डब्यात?"

"तिथेच बसले होते."

"बरं झालं," ती म्हणाली. मग अण्णांच्या फोटोकडे वळून मोठ्यांदा म्हणाली, "ऐकलंत ना? आता तरी मला पोरीला पाणी देऊ द्या."