शेवटून दुसरा

"आलात! बरं झालं," वाटेच्या कडेला बसलेला माणूस म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "पाय मुरगळलाय. टेकवतच नाही. जरा उठवता का?"

कवळीवाला थांबला, पण जागच्या जागी पाय हलवत राहिला. धुकं दाट होतं. माणूस तिशीचा असेल. निळं जॅकेट गळ्यापर्यंत बंद, पाठीवर टम्म फुगलेली पिशवी. एवढं बिऱ्हाड घेऊन कोणी डोंगरात पळतं का? त्यातून बसला होता तोही चढाकडे तोंड करून. शर्यत खाली संपते हेसुद्धा याला ठाऊक नसावं. नवशिका दिसतोय, कवळीवाल्याने मनाशी ठरवलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण या माणसाला गाठलंय. छातीत एकदम लख्ख झालं.

पाच वर्षं तो ही डोंगरातली शर्यत धावत होता आणि पाचही वर्षं शेवटचा आला होता. एरवी दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या घासायच्या, आणि पहाटे उठून जिने चढायचे, उतरायचे. त्या जिन्यांवर शेजारीपाजारी हसायचे ते वेगळंच. मेहुणा तर दर वर्षी न चुकता विचारायचा, "काय भावोजी, दिवे मालवून आलात ना?" तेही त्याने गिळलं. पण या वेळी निघताना मुलगी म्हणाली होती, "बाबा, तुमच्या मागे एक तरी माणूस राहिला ना, की लगेच फोन करा. मी मामाला सांगणार आहे." ते मात्र लागलं. फार लागलं.

शेवटचं येण्यात सगळ्यात वाईट काय, तर फितीवाला. वाट कळावी म्हणून झाडांना पिवळ्या फिती बांधतात. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागून एक माणूस त्या सोडत येतो आणि कोणी मागे राहिलं नाही ना, ते बघतो. जुना फितीवाला भला गृहस्थ होता. एका वर्षी कवळीवाल्याच्या पोटरीत गोळा आला तेव्हा त्याने मांडीवर पाय घेऊन अर्धा तास चोळला होता. पण दर झाडापाशी मागून फांदी हलल्याचा तो आवाज! आपल्यामागे दुकान आवरत आणलंय, असं वाटायचं. यंदा त्याचे गुडघे गेले म्हणून कोणी नवा माणूस होता.

आणि आज तो आवाजच नव्हता. सकाळी होता थोडा वेळ. मग कवळीवाल्याच्या पोटाने दगा दिला. वाट सोडून चांगली पंधरा मिनिटं तो खडकाआड बसून होता. परत वाटेवर आला तर सगळं शांत. फिती दिसेनात, पण त्याचं काही अडलं नाही, वाट पाठ होती. वाऱ्याने उडाल्या असतील. उलट त्याला हुरूप आला. मागे चाहूल नाही म्हणजे आपण यंदा भलतेच जोरात आहोत, असा त्याने हिशेब केला.

"अहो, हात देता ना?" निळ्या जॅकेटवाला म्हणाला. त्याचे ओठ थंडीने काळवंडले होते.

कवळीवाल्याचा हात अर्धा पुढे गेलाही. पण हात दिला की खांदा द्यावा लागणार. खांदा दिला की दोघं मिळून पोचणार. आणि दुखऱ्या माणसाला रेषेवर पुढे घालायचं, ही इथली रीत. म्हणजे पुन्हा शेवटचा कोण?

त्याने हात मागे घेतला.

"मागून फितीवाला येतोच आहे," तो म्हणाला. "कोणाला टाकून जात नाही तो. त्याचं कामच आहे ते."

"अहो, ऐका तरी, मी काय सांगतो..."

पण कवळीवाला उताराला लागला होता. मागून दोन हाका आल्या. तिसरी धुक्यात विरली. एकदा त्याला वाटलं, निदान पाण्याची बाटली तरी द्यायला हवी होती. मग वाटलं, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.

खाली पुलापाशी फोन लागतो. धापा टाकत त्याने घरी लावला.

"आहे! मागे एक जण आहे!"

पलीकडे मुलगी इतक्या जोरात किंचाळली की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मामा! मामा, बाबा शेवटून दुसरे!" कवळीवाल्याचे डोळे भरून आले. उरलेली वाट तो खरोखरच पळत गेला.

मंडप निम्मा उतरवून झाला होता. यादी घेतलेल्या बाई मात्र रेषेच्याही पुढे येऊन डोंगराकडे बघत उभ्या होत्या. त्याच्या छातीवरचा नंबर दिसला तशा त्या धावतच आल्या.

"चौऱ्याऐंशी! आलात! बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. "बाकी सगळे केव्हाच आले हो. एकटे तुम्हीच राहिला होतात. जीव नुसता टांगणीला लागला होता."

"सगळे कसे?" कवळीवाला हसत म्हणाला. "माझ्या मागे..."

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या त्याच्या खांद्यावरून मागे, धुक्यात बघत होत्या.

"आणि आमचा फितीवाला कुठाय? पुलावरून फोन केला त्याने, चौऱ्याऐंशी नंबर वरच राहिलाय म्हणाला, आणि तुम्हाला शोधायला पुन्हा डोंगर चढला. निळं जॅकेट घातलेला. भेटला नाही वाटेत?"