दोघी जावांचे सर्व्हर

"आग विझून वीस मिनिटं झाली आणि तुमचा फोन आत्ता येतोय?" पलीकडून कारखानदार ओरडला. "आता कशाला केलात? हात शेकायला?"

थोरल्या सुनेनं फोन ठेवला आणि स्क्रीनकडे बघितलं. गावभरच्या कारखान्यांतली यंत्रं, भट्ट्या, कोल्ड स्टोरेजच्या खोल्या, सगळी आपापल्या हालचालीची एकेक ओळ तिच्या सर्व्हरला पाठवायची. लाल ओळ आली की त्या कारखान्याला फोन करायचा, हाच या घरचा धंदा. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत आले होते. स्क्रीनवरची ओळ साडेअकराची होती. मधला अर्धा तास सर्व्हरच्या पोटात तुंबला होता, आणि त्यात आणखी कुठे काय पेटलंय हे कुणालाच माहीत नव्हतं.

"भाऊजी, सांगा तुमच्या बायकोला, मशीनचं तोंड आवर म्हणावं. दहातल्या नऊ ओळी तिच्याच आहेत."

बायको दोन हातांवरच बसली होती. पण दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, ते विचारू नका. दोन वेळा ऐकावं लागेल आणि दोन्ही वेळा वेगळं. म्हणून मधल्या खुर्चीत धाकटीचा नवरा बसायचा आणि दिवसभर इकडचं तिकडे करायचा.

"अहो, त्यांना सांगा," धाकटी कीबोर्डवरची नजर न हलवता म्हणाली, "कुठला नंबर कुठल्या यंत्राचा, एवढंच माझं मशीन सांगतं. तेही विचारलं तर. आपण होऊन बोलायची सवय आमच्यात नाही."

थोरलीला सगळं नीट ऐकू आलं होतं. तरी दीर सांगेपर्यंत ती थांबली. मग सर्व्हरकडे वळली. ओळी उतरवून घेणारे त्याचे हात तिनं चाराचे आठ केले. तुंबारा वाढला. एकेक ओळ लिहायच्या ऐवजी हजारांचा गठ्ठा बांधून पाहिला. आणखी वाढला. सर्व्हर जितके भराभर हातपाय मारत होता, तितका खोलात जात होता.

"वहिनी, थांबा थांबा." दीर खुर्चीतून उठलाच. "एक ओळ आली की तुमचा सर्व्हर काय करतो?"

"तुमच्या बायकोच्या मशीनला विचारतो, हा नंबर कुणाचा."

"आणि तू काय करतेस?" तो बायकोकडे वळला.

"नाव सांगते. आणि सांगितलं, अशी एक ओळ त्यांना पाठवते. सगळ्याची नोंद पाहिजे, असा सकाळीच निरोप आणलात ना तुम्ही?"

"मग ती ओळ आली की वहिनींचा सर्व्हर परत विचारतो, ही कुणाची?"

"माझी!"

"आणि हे सांगितल्याची...?"

"पुन्हा एक ओळ," धाकटी हळूच म्हणाली.



"म्हणजे सकाळपासून," दीर म्हणाला, "तुमची मशीनं फक्त एकमेकींशी गप्पा मारतायत."



"तिनं सांगणं बंद करावं," थोरली म्हणाली.

"त्यांनी विचारणं बंद करावं," धाकटी म्हणाली.

दिरानं दोन्ही निरोप इमानदारीत पोचवले. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. दुसरा कारखानदार. पहिल्यापेक्षा घसा मोठा. ऐकून घ्यायला तो बाहेर जिन्यात गेला.

स्क्रीन आता पस्तीस मिनिटं मागे होती.

थोरलीनं दात आवळले, सेटिंग उघडलं आणि नाव विचारणं बंद केलं. तुंबलेलं सगळं डिस्कवर उतरलंय ना, ते दोनदा बघितलं. नाहीतर रीस्टार्टबरोबर ती पस्तीस मिनिटं पुसली गेली असती. मग बटण दाबलं.

ओळी धो धो सुटल्या. पावणेबारा. बाराला दहा. यंत्रांची नावं गेली होती, उरले होते नुसते नंबर.

एक लाल ओळ आली. एकशे सदतीस, आतली घंटा. कोल्ड स्टोरेजच्या खोलीत माणूस अडकला तर आतून दाबायची ती. खाली परत तीच. परत तीच. पहिली बारा मिनिटांपूर्वीची होती.

गावात कोल्ड स्टोरेज वीसेक तरी होती. थोरलीनं मधल्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी.

"अगं ए," ती म्हणाली. "एकशे सदतीस कोण?"

धाकटीची बोटं आधीच चालली होती. "फळांचं गोदाम. तीन नंबरची खोली. फोन मी लावते, तुम्ही बोला. तुमचा आवाज मोठा आहे."

"तीन नंबर उघडा!" थोरली फोनमध्ये किंचाळली. "आत माणूस आहे! अहो, किल्ली कसली शोधताय, पहार घ्या, पहार!"

पलीकडे फोन टेबलावर आदळला. पळणारी पावलं लांब गेली. स्क्रीनवर घंटेच्या ओळी येत होत्या, पण दोन ओळींमधलं अंतर वाढत चाललं होतं. मग एक आली आणि पुढची आलीच नाही. स्क्रीनवरची वेळ आणि भिंतीवरची वेळ आता एकच होती, तुंबून राहिलेलं काही उरलं नव्हतं.

दीर आत आला. "काय झालं? कुणाला काही सांगायचंय?"

"गप्प!" दोघी म्हणाल्या.

फोनमध्ये लोखंडावर लोखंड आपटलं. पुन्हा आपटलं. काहीतरी कर्रकन फाकलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग खोकला. आणि मग दात कडाकडा वाजवत कुणीतरी गोदामवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागलं, एकेक पिढी घेऊन, सावकाश.

थोरलीनं रिसीव्हर कानापासून काढला आणि धाकटीलाही ऐकू येईल असा दोघींच्या मधे धरला.