थांबायचं कारण

जिना हा समाजाचा आरसा असतो, असं इन्स्पेक्टरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांना फक्त चढताना सुचायचं. उतरताना त्याच जिन्यात त्यांना काही म्हणजे काही खटकत नसे.

नोकरीत ते कारकूनच होते. ही बढती शेजाऱ्यांनी दिलेली, तीही पाठीमागे.

त्या दिवशी ते बायकोबरोबर डॉक्टरांकडून परतत होते. फुप्फुसं गेली ती काही परत यायची नाहीत, डॉक्टर म्हणाले होते. पुढचे दिवस कसे जातील ते आता श्वासाचा पंप वेळेवर ओढण्यावर, थोडं चालण्यावर आणि चार माणसांत मिसळण्यावर आहे. "शेजाऱ्यांशी बोलणं होतं ना?"

"रोज," इन्स्पेक्टर म्हणाले. बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

पहिल्या मजल्यावर त्यांनी कठडा धरून वायरमनच्या दारातल्या चपलांची सावकाश झडती घेतली. "हे घर आहे का दुकान?" त्यांनी दाराला विचारलं. आतून टीव्हीचा आवाज वाढला. छाती जरा जागेवर आली, तसे ते पुढे निघाले.

दुसऱ्या मजल्यावर कपडे शिवून देणाऱ्या बाई राहत. त्यांच्या दारातल्या कुंड्या ही इन्स्पेक्टरांची आवडती तक्रार. पाणी सांडतं, वाट अडते, डास होतात. एवढं सगळं सुनावेपर्यंत दम खाऊन होई.

आज तिथे काहीच नव्हतं. फरशी धुतलेली, भिंत कोरी. कुंड्यांच्या जागी नुसते गोल डाग.

इन्स्पेक्टर थांबले. थांबलं की बोलायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सवयीनं बोट उचललं. बोटाला दाखवायला काही मिळेना.

दार उघडलं. बाईंच्या गळ्यात टेप, ओठांत टाचणी. ती काढून त्या म्हणाल्या, "देऊन टाकल्या, काका. बहिणीनं दिलेल्या फांदीचे गुलाब होते. आता तरी मिटलं ना?"

काका बोलेनात. ते गप्प असल्यामुळे जिन्यात आज दुसरा एक आवाज नीट ऐकू आला, फाटक्या भात्यातून यावी तशी बारीक शीळ. कुणाचा तरी कुकर असेल म्हणून बाईंनी आधी खाली पाहिलं. मग काकांच्या छातीकडे.

"म्हणजे कुंड्यांचं काही नव्हतंच," त्या म्हणाल्या.

"नव्हतं," बायको म्हणाली. "चपलांचंही नाही. धाप लागते म्हणायची यांना लाज वाटते. भांडखोर म्हटलेलं चालतं."

इन्स्पेक्टरांनी मान खाली घातली. खाली ते गोल डाग होते, म्हणून त्यांनी ती वर केली. वर बाई होत्या. शेवटी त्यांनी डोळेच मिटून घेतले.

बाई आत गेल्या. आता दार आपटणार, या आशेवर ते उभे राहिले. दार आपटलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

दार आपटलं नाही. बाईंनी मशीनजवळचं स्टूल आणलं आणि मोकळ्या जागेत ठेवलं. "बसा. यापुढे भांडायचं तर बसून भांडा. उभ्यानं ऐकून माझेही पाय दुखतात."

इन्स्पेक्टर बसले. बऱ्याच वेळानं, दोन हप्त्यांत, एक शब्द बाहेर आला. "चुक... लं."

"रंग फार सुरेख होता," बाई म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं सांगितलं.

बायकोनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चला. आपल्या दाराआधी अजून वकिलांचा मजला आहे. सायकल ठेवतात म्हणून परवाच त्यांना कोर्टात खेचायची धमकी दिलीत."

इन्स्पेक्टरांनी वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग बायकोला जवळ बोलावलं.

"वकिलांकडे," ते हळूच म्हणाले, "पाठ टेकता येईल अशी खुर्ची असेल का, बघून येतेस?"