बत्तिसावं घर

चैत्राली चहाचा ट्रे घेऊन आली, तेव्हा वृंदाने आधी तिची चाल पाहिली. लंगडत नव्हती. मग अगदी पुटपुटत नाव विचारलं. मुलीने लगेच सांगितलं; म्हणजे कानही शाबूत. डोळे, दात, बोटं, सगळं जागच्या जागी. वृंदाचा जीव आणखीच खाली-वर होऊ लागला. इतकी धड मुलगी, शाळेत शिकवणारी, कोलकात्यात वाढलेली. ही आपल्या विराजला का बघतेय? कुठेतरी खोट असणारच.

कालची रात्र गाडीत काढून वृंदा, तिचा नवरा मनोहर आणि मुलगा विराज बडनेऱ्याहून इथे, कोलकात्याच्या खिदिरपूरला, श्यामकांतरावांच्या घरी पोचले होते. श्यामकांत मूळचे अमरावतीचे, पण बंदराच्या नोकरीत सव्वीस वर्षं इथेच मुरलेले. चैत्रालीचं स्थळ त्यांनी स्वतः होऊन सुचवलं होतं. मुलीच्या बापाने. वृंदाने ते पत्र तीनदा वाचून घेतलं होतं, पत्ता चुकलेला नाही ना म्हणून.

विराज चौतीस वर्षांचा. वरुडजवळ नऊ एकर संत्रा, दोन विहिरी, बी.एस्सी.ची पदवी आणि एकतीस नकार. वृंदाला ते पाढ्यासारखे पाठ होते. एकाला मुलगा फार उंच वाटला, दुसऱ्याला बुटका. पाच जणांना पत्रिका जुळत नव्हती. त्यातल्या दोघांनी ती मागितलीसुद्धा नव्हती. एकाला वरुड लांब पडलं, त्याने मुलगी दिली दुबईला. आणि एकाने गावातल्याच शाळेच्या शिपायाला दिली. त्या लग्नात वृंदा आहेर घेऊन गेली, पंगतीत बसून जेवलीही. उपाशी राहून शिपायाचं काय बिघडणार होतं?

तिसाव्या नकारानंतर विराज जेवताना बोलेनासा झाला. एकतिसाव्यानंतर जेवेनासा. तेव्हापासून फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली वृंदा कमरेला लावून झोपत होती. मनोहरला तिने कारण सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं. त्याने फक्त आपली खाट मुलाच्या खाटेशेजारी टाकली होती.

पानं वाढली. श्यामकांतांच्या बायकोने, सुचित्राबाईंनी, भरली वांगी केली होती.

"वांगं आज सकाळी तोडलेलं दिसतं," वृंदा म्हणाली. बाजारच्या वांग्याचा देठ असा नसतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मिळतं इथे ताजं, असं म्हणत सुचित्राबाईंनी आणखी एक वाढलं आणि विराजच्या धाकट्या बहिणीची, देवयानीची चौकशी केली. नागपूरला नर्स आहे, वृंदाने सांगितलं. फोनमधला फोटोही दाखवला. सुचित्राबाईंनी तो बराच वेळ पाहिला.

श्यामकांत मात्र शेतकऱ्यांवर बोलत होते. ऑफिसातले लोक म्हणतात, यांना टॅक्स नाही, वीज फुकट, आणि तरी रडगाणं. त्यांच्याशी ते म्हणे डबा बाजूला ठेवून भांडतात. एकदा तर एकाला सांगितलं, आठ दिवस नुसत्या फायली खाऊन दाखव. मनोहर घास हातात धरून ऐकत राहिला. इतकं चांगलं त्याच्याबद्दल त्याचा सख्खा भाऊही कधी बोलला नव्हता.

वृंदाला ते गोड बोलणंच बोचत होतं. हात धुवायला उठली तेव्हा तिने चैत्रालीला बेसिनपाशी गाठलं.

"पोरी, खरं सांग. घरच्यांनी जबरदस्ती केली का तुझ्यावर?"

"नाही काकू. दोन महिना मी विराजशी फोनवर बोलते. त्याने सगळा सांगितला. साप, लोडशेडिंग, संत्रा गळतो ते पण."

"आणि तरी?"

"शाळा तिकडे पण असते ना. मला तो पाहिजे."

वृंदाने तिथेच पदर तोंडाला लावला. खोट नव्हती. कुठेच नव्हती.

बाहेर आली तर विराज दुसऱ्यांदा भात मागत होता.

सुपारी फिरली. मनोहरने घसा साफ करून, मुलगी आम्हाला पसंत आहे, असं एकदाचं म्हटलं. श्यामकांतांनी त्याचे दोन्ही हात धरले. मग जरा थांबून म्हणाले की आपलीही एक विनंती आहे. चैत्रालीच्या पाठचा क्षितिज. इंजिनिअर. त्याचा पदवीच्या झग्यातला फोटो समोर भिंतीवरच होता. त्याच्यासाठी देवयानीचा विचार व्हावा.

"एक घेऊ, एक देऊ," सुचित्राबाई म्हणाल्या. "दोन्ही लग्नं एकाच मांडवात."

मनोहरने डोळे पुसायला चष्मा काढला. वृंदाने मनातल्या मनात कुलदैवताला नवस बोलून टाकला, मग आणखी एक बोलली. फोटोतला मुलगा उंच होता, हसरा होता. देवयानीला शोभला असता.

"कामाला कुठे असतात जावईबापू?" मनोहरने विचारलं. त्याला धीर नव्हता.

"नोकरी सोडली त्याने, दोन वर्षं झाली," श्यामकांत म्हणाले. त्यांचा आवाज उतरला, मग त्यांनी तो पुन्हा चढवला. "इथे जवळच, बारुईपूरला साडेचार एकर करतो. वांगी आणि पेरू. मनोहरराव, तेव्हापासून आमच्या उंबऱ्याला एकही स्थळ आलेलं नाही. इथली आपली माणसं तर समोरून येताना फुटपाथ बदलतात. म्हटलं, ज्यांनी हे भोगलंय त्यांच्याकडेच जावं. वहिनी, तुम्हाला तरी कळेल."

सगळे वृंदाकडे पाहू लागले. चैत्राली दारात उभी होती. विराज तिच्याकडे पाहून कितीतरी महिन्यांनी हसत होता.

"नाही," वृंदा म्हणाली. "शेतकऱ्याच्या घरात माझी मुलगी मी देणार नाही."