उंचवटा

सरांचा पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा, विझत आलेला म्हातारा तारा. त्याचे रेडिओचे ठोके सगळ्यांनी टिपले होते. पण त्याच्यात साधा उजेडही अजून शिल्लक आहे, असं म्हणणारे सर एकटेच उरले होते. आज काही हाती लागलं नाही, तर दुर्बीण दुसऱ्यांना जाणार होती.

संध्याकाळभर आभाळ भरलेलं होतं. ढग पांगले तसे सर धापा टाकत वर वेधशाळेत आले आणि माझ्यासमोरचा स्क्रीन बघून जागीच थबकले. आलेखाच्या सपाट रेषेवर बारीकसा उंचवटा आला होता, बरोबर ठोक्याच्या जागी.

“सर, हे ना...”

“गप्प! एक अक्षर बोलू नकोस, नजर लागेल.” अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारे आमचे सर!

त्यांनी लगेच संचालकांना फोन लावला. “साहेब, प्रकल्प गुंडाळायला निघाला होतात ना? दिसला! माझ्या डोळ्यांसमोर आहे.”

“सर, ऐका ना...”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पलीकडून संचालकांचा आवाज मलाही ऐकू आला, “अभिनंदन! सकाळीच पत्रकारांना बोलावतो.”

सरांनी फोन ठेवला, चष्मा काढला, डोळे पुसले.

“हं पोरी, बोल आता. मघापासून काय म्हणत होतीस?”



 

“सर, मी नुसता कॅमेरा तपासत होते. दुर्बिणीवरचा घुमट अजून उघडलेलाच नाही.”